डिसेंबरात कोलकाता: पाच दिवस, पाच माणसं आणि मधेच आलेला सोमवार

घडीची_पोळी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा आज पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कोलकात्याला जायचं म्हणतोय. आम्ही म्हणजे मी, नवरा, नववीतली लेक आणि माझे आई-बाबा. शुक्रवारी रात्री पोचायचं, बुधवारी संध्याकाळच्या विमानाने परत पुणे. म्हणजे हातात शनि, रवि, सोम, मंगळ आणि उरलासुरला बुधवार.

बाबा ७४. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यांना हावडा ब्रिज बघायचाय, बाकी काही दाखवलं नाहीत तरी चालेल म्हणतात. आई ७१, गुडघे दुखतात, जिने नकोत, शिवाय माळकरी आहे आणि तिच्या डोक्यात असं बसलंय की त्या गावात पाण्यालासुद्धा माशाचा वास येतो. लेकीला 'काहीतरी वेगळं' हवंय, म्हणजे नक्की काय ते तिलाही सांगता येत नाही. नवऱ्याला बिर्याणी.

मी असा प्लॅन केलाय: शनिवारी दक्षिणेश्वर-बेलूर. रविवारी कॉलेज स्ट्रीट, निवांत पुस्तकं. सोमवारी व्हिक्टोरिया, इंडियन म्युझियम आणि टागोरांचं घर एका दमात उरकायचं. मंगळवारी जुनं शहर, चर्च, सिनेगॉग, चायनाटाऊन वगैरे. आणि रोज साडेसहाला हुगळीच्या काठावर सूर्यास्त. एक्सेल शीट पण केलीय, रंग भरून. जाणकारांनी प्लीज सांगा कसं वाटतंय.

हाजरारोड
मी नऊ वर्षं काढलीत तिथे, नवऱ्याच्या बदलीपायी. शीट छानच असणार पण आधी एक सांगते, रागावू नकोस. सोमवारी व्हिक्टोरिया बंद. म्युझियम बंद. टागोरांचं जोडासाँकोचं घरही बंद. तू बरोबर तिन्ही बंद जागा एका दिवसात बसवल्यास, ठरवूनही जमलं नसतं गं :) आणि रविवारी कॉलेज स्ट्रीटला गेलीस तर शटर बघून येशील, पुस्तकांची दुकानं रविवारी बंद असतात.

सूर्यास्ताचं पण बघ. साडेसहाला तिकडे मिट्ट अंधार.

रिव्हेट
सूर्यास्ताबद्दल अनुमोदन. पुणं साधारण ७४ रेखांशावर, कोलकाता ८८ च्या थोडं पुढे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे जवळजवळ तासाचा फरक, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. डिसेंबरात पुण्यात सहाला सूर्य मावळतो ना, तिकडे पाचच्या आतच खेळ खलास. त्यामुळे सकाळी सहाला बाहेर पडा आणि चारला नदीवर हजर व्हा. दुपारी चारला चहा पिऊन निघू असं म्हणणाऱ्या पुणेकरांचा तिथे रोज अर्धा दिवस वाया जातो, आमचा गेलेला आहे.

कोथरूडचा_कोपरा
मुळात कोलकात्यात बघायला आहे काय? गर्दी, घाम आणि घोषणा. तेवढ्या पैशात थायलंड होतं. ज्याची त्याची हौस.

पानशेत६१
डिसेंबरात घाम येत नाही हो साहेब, स्वेटर लागतो. आणि गर्दीचं म्हणाल तर आपण काय लक्ष्मी रोडला ध्यान लावायला जातो का? दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

घडीची_पोळी
बापरे, सोमवारचं लक्षातच आलं नाही, बरं झालं विचारलं. थँक्यू हाजरारोडताई. मग रविवारी काय करू? आणि बाबांनी आज नवीनच काढलंय की विमान नको, आझाद हिंद एक्सप्रेसने जाऊ.

पानशेत६१
बाबांचं बरोबर आहे. पुण्याहून संध्याकाळी बसायचं आणि सोबत दोन रात्रींचा डबा. नागपूर, रायपूर, बिलासपूर, टाटानगर असं करत अख्खा देश आडवा बघत जाता येतो, आणि शेवटी गाडी हावड्याला टेकते तेव्हा स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच समोर पूल. विमानातून उतरून टॅक्सीने जाणाऱ्याला तो असा नाही भेटत.

हाजरारोड
काका, ते सगळं खरं पण ७१ वर्षांच्या गुडघ्यांना दोन रात्री रेल्वेचा संडास? हिच्याकडे सुट्टीही मोजकी आहे. पोळी, बाबांना सांग, जाताना विमान, पुलाची भेट आपण नीट घडवू. आता तर विमानतळावरून मेट्रोही झालीय, ऑगस्ट २०२५ पासून, नोआपाड्यापर्यंत जाते आणि तिथे बदलून शहरात. पण रात्री सामान आणि आई बरोबर असताना सरळ टॅक्सी कर.

आता रविवार. रविवार सकाळ तर तुझ्या लेकीची! टिरेटा बाजार म्हणून जागा आहे, लालबाजार पोलीस मुख्यालयाच्या जवळ, पोद्दार कोर्टच्या मागे. तिथे पहाटे पहाटे चिनी नाश्ता मिळतो. हॉटेल वगैरे काही नाही, रस्त्याच्या कडेला मोडे (वेताची बुटकी स्टुलं) टाकून बायाबापड्या बसतात, ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत वाफा येत असतात, त्यात बन, मोमो, फिशबॉलचं सूप. आठच्या पुढे गेलात तर धुतलेली पातेली बघायला मिळतील. पूर्वीइतकं आता राहिलं नाही, चिनी कुटुंबं कॅनडा-ऑस्ट्रेलियाला निघून गेली, विकणारे कमी झाले, पण रविवारी अजून बरं असतं. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, साधारण नऊला, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका, टॅक्सीच. आईंना झोपू दे, तिथे त्यांच्या खाण्यासारखं काही नाही.

मग तिथून चालत्या अंतरावर जे आहे ते मला अख्ख्या शहरात सगळ्यात आवडतं. मागेन डेव्हिड सिनेगॉग, १८८४ चं. बगदादहून आलेल्या ज्यूंनी बांधलेलं. लाल विटा, वर उंच मनोरा, बाहेरून बघणाऱ्याला चर्चच वाटतं. तुम्ही पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ बघितलंय ना, अगदी तसाच घोटाळा होतो. लाल देऊळ १८६७ चं, डेव्हिड ससूनने बांधलेलं, तेही बगदादीच. म्हणजे घरच्या सिनेगॉगची बहीण बघायला तुम्ही दोन हजार किलोमीटर जाताय. आत काचेच्या रंगीत खिडक्या, गुळगुळीत फरशी, वर निळं घुमटाकार छत, आणि अर्थातच प्रार्थनेला माणूस नाही. एकेकाळी हजारो ज्यू होते, आता बोटावर मोजण्याइतके. देखभाल कोण करतं माहितीये? ओडिशातली मुसलमान कुटुंबं, पिढ्यान्‌पिढ्या. शनिवारी त्यांचा सब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, तेव्हा शनिवार टाळा, आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

त्याच भागात आर्मेनियन चर्च आहे, १७२४ चं, शहरातलं सगळ्यात जुनं चर्च. बाजाराच्या गल्लीत इतकं दडलंय की समोरचा हमाल सांगेपर्यंत दार दिसत नाही. आवारात सगळी थडगीच, आपण चालतो तीही थडग्यांवरूनच, त्यातल्या एकावर १६३० साल आहे म्हणून दाखवतात. आणि पुढे नाखोदा मशीद, १९२६ ची, कच्छी मेमन लोकांनी बांधलेली. सिकंदऱ्याला अकबराची कबर आहे त्या धर्तीवर. चिनी नाश्ता, ज्यूंचं देऊळ, आर्मेनियन थडगी आणि कच्छी मशीद, सगळं एका सकाळीत, पायी. लेकीला 'काहीतरी वेगळं' हवंय ना?

खादाड_पेठ
वा काय लिहिलंय. आता आईंचं बघू, कारण त्यांचं पोट नीट राहिलं तर बाकी ट्रिप नीट राहते हा स्वानुभव.

काकूंना सांगा 'निरामिष' हा शब्द पाठ करा, कुठेही म्हटला की काम होतं. नुसतं 'व्हेज' म्हणू नका. बंगाली निरामिष स्वयंपाकाची मोठी परंपरा आहे, विधवांवर लादलेल्या बंधनातून आली असं म्हणतात, वाईट वाटतं ऐकून, पण त्या बायकांनी कांदा-लसणाशिवाय जे करून ठेवलंय ना! सकाळी हिंगाची कचोरी आणि बटाट्याचा पातळ रस्सा, लुची (मैद्याची पुरी) आणि चणाडाळ (ही डाळ जरा गोड असते, त्यात खोबऱ्याचे काप). आणि डिसेंबर म्हणजे कोडाइशुटीर कोचुरी, म्हणजे ताज्या मटारची कचोरी. मटार करंजी करणारी कुठलीही आई ती बघून दोन मिनिटं गप्प होते आणि मग म्हणते "यात आलं जास्त आहे". मोहरीच्या तेलाचा वास मात्र येणार, पहिल्या दिवशी नाकात जातो, तिसऱ्या दिवशी आवडतो.

गोडाचं काय सांगू. डिसेंबरात नोलेन गूर येतो, खजुराच्या झाडाला रात्री मडकं लावतात, पहाटे काढलेला रस आटवून केलेला गूळ. थंडीतच मिळतो. त्याचा संदेश (छेन्याची मिठाई) खा. त्यातही जलभरा नावाचा असतो, आत पातळ गूळ भरलेला. तो चावायचा नसतो, हे मी नवा पांढरा शर्ट घालून शिकलोय. अख्खा तोंडात टाकायचा. भीम नाग, नकुड, बलराम मल्लिक ही जुनी नावं, कुठेही जा. मिष्टी दोई, म्हणजे गोड दही, मातीच्या भांड्यात. तिला श्रीखंड म्हणू नका आणि फुचक्याला पाणीपुरी म्हणू नका, मार पडत नाही पण भाषण ऐकावं लागतं.

नवखा_भिडू
बिर्याणीत बटाटा असतो हे खरं आहे का??

खादाड_पेठ
हो. वाजिद अली शाहला इंग्रजांनी अवधमधून काढलं, तो १८५६ मधे मटियाबुर्जला येऊन राहिला, त्याच्या आचाऱ्यांची ही बिर्याणी. कोणी सांगतं पैसे कमी पडले म्हणून मटणाच्या जागी बटाटा, कोणी सांगतं तेव्हा बटाटाच नवलाईचा होता. मला विचाराल तर त्या बटाट्यासाठीच खावी.

कोथरूडचा_कोपरा
बिर्याणीत बटाटा. बरोबरच आहे. काय बोलणार.

बखरवाला
अवांतर होईल पण राहवत नाही. पोळीताई, तिकडे कोणी विचारलं कुठून आलात तर 'महाराष्ट्र' म्हणताना जरा हसून म्हणा. १७४२ मधे नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालमधे शिरली आणि पुढे जवळजवळ दहा वर्षं हे चालू होतं. बारगीर (सरकारी घोड्यावरचा स्वार) या शब्दाचं बंगालीत बर्गी झालं. आपल्याकडे इतिहासात एखादी ओळ, चौथाई वसूल केली वगैरे, आणि तिकडे अजून अंगाईगीतात बर्गी येतात, पोर झोपवायला. गावंच्या गावं लुटली गेली, माणसं नदी ओलांडून पळाली, ते ते विसरलेले नाहीत. भास्करपंतांना बंगालचा नवाब अलीवर्दी खानाने १७४४ मधे बोलणी करायला बोलावून मारलं, १७५१ मधे तह होऊन ओडिशा नागपूरकरांकडे आला.

आता गंमत. मराठे येणार म्हणून कलकत्त्याच्या लोकांनी वर्गणी काढून शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैल ठरला होता, तीन मैल झाला, आणि मराठे तिथे आलेच नाहीत! पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात अजून मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. फोटो काढायला विसरू नका.

अजून एक, ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉब चार्नॉकने २४ ऑगस्ट १६९० ला शहर वसवलं असं आम्ही शाळेत घोकलं होतं, ते २००३ मधे तिथल्या हायकोर्टानेच रद्द केलं. शहराला संस्थापक नाही आणि वाढदिवसही नाही. पुण्यात असा निकाल आला असता तर दोन्ही बाजूंचे मोर्चे निघाले असते.

पानशेत६१
बखरवाले, पहिल्या परिच्छेदाबद्दल धन्यवाद. आपल्याकडे हे कोणी सांगत नाही.

रिव्हेट
आता माझा विषय. पोळीताई, बाबांसाठी हे नीट वाचा.

हावडा ब्रिज ३ फेब्रुवारी १९४३ ला सुरू झाला, ऐन युद्धात, जपानी विमानांच्या भीतीने कसला समारंभही नाही. कॅन्टिलिव्हर आहे, म्हणजे दोन्ही काठांवरून पुढे काढलेल्या बाहूंवर पेललेला, मधला गाळा ४५७ मीटर, नदीत एकही खांब नाही. साडेसव्वीस हजार टन पोलाद, त्यातलं बहुतेक टाटांचं. नटबोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटनी, म्हणजे ठोकून पक्क्या केलेल्या खिळ्यांनी, जोडलेलं (माझ्या आयडीचं रहस्य कळलं असेल). काही वर्षांपूर्वी लक्षात आलं की लोक पान खाऊन थुंकतात त्याने खालचं पोलाद गंजतंय, तेव्हा पायथ्याला फायबरची आवरणं घातली. जपानी विमानांना जे जमलं नाही ते पानाने जवळजवळ करून दाखवलं.

बघायचा कसा? वरून चालत जाऊ नका, वरून पूल दिसत नाही, गर्दीच दिसते. शोभाबाजार किंवा बागबाजार घाटावरून हावड्याची लाँच पकडा, ती पुलाच्या बरोबर खालून जाते. तिकीट अगदीच किरकोळ. चारच्या सुमाराला बसा, म्हणजे उतरेपर्यंत सूर्य पाण्यावर. आणि परत येताना हावड्याहून मेट्रो. ती नदीखालून येते, मार्च २०२४ पासून. नदीखालचा टप्पा अर्ध्या किलोमीटरचा, पाऊण मिनिटात संपतो, बोगद्यात निळे दिवे लावलेत म्हणजे तुम्हाला कळतं की आता डोक्यावर हुगळी. जाताना पाण्यावरून, येताना पाण्याखालून. ह्याच्यापेक्षा चांगली संध्याकाळ पाटबंधारेवाल्याला कोण देणार?

नवखा_भिडू
पण मुठेखालून पण जाते की आपली मेट्रो. सिव्हिल कोर्ट ते कसबा.

रिव्हेट
जाते. पण वर पाणी आहे का हे आधी बघावं लागतं. हलकेच घ्या.

अप्पाबळवंत
कॉलेज स्ट्रीट सोमवारी करा, बेस्ट. अप्पा बळवंत चौक आठवा, आता तो दीड किलोमीटर ओढा, आणि अर्धी दुकानं पत्र्याच्या खोक्यात बसवा. शेजारी प्रेसिडेन्सी, जे १८१७ मधे हिंदू कॉलेज म्हणून सुरू झालं. मला तिथे रद्दीच्या भावात एक मराठी दिवाळी अंक सापडला होता १९६८ चा, कुणाचा असेल, तिथे कसा आला असेल, मी रात्रभर विचार करत होतो. कॉफी हाऊस वर आहे, जिना चढावा लागतो, आईंना खालीच पुस्तकांच्या दुकानात बसवा, दुकानदार मोडा देतात. वर गेलात तर उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, तुरेवाले वेटर. कॉफी ठीक आहे. कॉफीसाठी कोणी जात नाही.

हाजरारोड
मग सोमवार झालाच की! सकाळी कॉलेज स्ट्रीट, दुपारी कुमारटुली (मूर्तिकारांची वस्ती), आणि तिथून घाट जवळ, रिव्हेट म्हणतात ती लाँच. कुमारटुलीला जिने नाहीत, आईंना जमेल, गल्ल्या अरुंद आहेत फक्त. तुम्ही पेणला गणपतींच्या कारखान्यात गेला असाल, तिथे साचे आणि प्लास्टर. इथे आधी बांबू, त्यावर भाताचा पेंढा सुतळीने आवळून अख्खी माणसाची आकृती, मग माती. डिसेंबरात दुर्गा नसते पण वसंत पंचमीच्या सरस्वत्या सुरू झालेल्या असतात, शेकडो, सगळ्या डोकं नसलेल्या, पेंढ्याच्या. लेकीला सांगा घाबरायचं नाही. डोकी वेगळी करतात, शेल्फावर रांगेने वाळत असतात.

दक्षिणेश्वर बुधवारी सकाळी. तिथून विमानतळ त्या मानाने जवळ. मेट्रो थेट देवळापर्यंत जाते. राणी राशमणीने १८५५ मधे बांधलं, त्या काळात शूद्र म्हणवल्या जाणाऱ्या घरातली विधवा बाई आणि पुजारी मिळेना, पुढे रामकृष्ण तिथेच पुजारी झाले. दुपारी देऊळ बंद असतं, बेलूरही, म्हणून लवकर जा. बेलूर झेपलं नाही तर सोडून द्या, पलीकडच्या काठावरून दिसतंच.

राहायला हाजरा रोडला महाराष्ट्र निवास आहे, फोन करून बघ, आईंना जेवणाचं बरं पडेल.

घडीची_पोळी
मी तर रडायचीच बाकी आहे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. तर नवीन शीट: शनिवारी सकाळी व्हिक्टोरिया (१९२१ ला खुलं झालं, मकराण्याचा संगमरवर, हे लेकीने वाचून सांगितलं), शेजारीच सेंट पॉल कॅथेड्रल, दुपारी एल्गिन रोडला नेताजींचं घर, तिथे ती वाँडरर गाडी आहे ना जिच्यातून ते १९४१ च्या जानेवारीत रातोरात निसटले, बाबांना ती बघायचीय. रविवारी पहाटे आम्ही तिघं टिरेटा, आई-बाबा नंतर टॅक्सीने सिनेगॉगपाशी. दुपारी झोप. सोमवारी कॉलेज स्ट्रीट, कुमारटुली, लाँच, मेट्रो. मंगळवारी म्युझियम आणि जोडासाँको, येताना न्यू मार्केटात नाहूमचा केक. बुधवारी दक्षिणेश्वर आणि घरी. संग्रहालयं, बाग, नदी सगळं चारच्या आत. बाबा विमानाला तयार झाले, पण येताना खिडकी त्यांना.

खादाड_पेठ
नाहूम १९०२ चं, तेही बगदादी ज्यूंचंच. डिसेंबरात फ्रूटकेकला रांग असते, सकाळी जा. आणि टांग्र्याला एक रात्र जेवा, चामड्याच्या कारखान्यांच्या वस्तीत चिनी लोकांनी हॉटेलं काढली ती. आपल्या सारसबागेच्या गाडीवर 'हाका नूडल्स' लिहिलेलं असतं ना, हाका हे त्या समाजाचं नाव आहे. मी चाळिशीपर्यंत समजत होतो हाका मारून विकतात म्हणून हाका.

पानशेत६१
ट्राम मिळाली तर बसा. १८७३ ला घोड्यांवर सुरू झालेली, आता जवळजवळ गेलीच. पिवळ्या ॲम्बॅसॅडर टॅक्स्याही संपत आल्या, गाडीचं उत्पादनच २०१४ मधे बंद झालं. दिसली तर हात करा, ॲपवरची गाडी काय पुण्यातही मिळते.

घडीची_पोळी
(अडीच महिन्यांनी)
आलो, कधीच आलो, पण लिहायला आज वेळ झाला. सॉरी.

आधी रडगाणं. महाराष्ट्र निवासात आमच्या तारखांना जागा मिळाली नाही म्हणून ऑनलाइन एक हॉटेल घेतलं, नाव लिहीत नाही. फोनवर तीनदा विचारलं होतं लिफ्ट आहे ना, आहे म्हणाले. होती. बंद होती. रात्री साडेअकराला आईला तिसऱ्या मजल्यावर चढवलं, दर सहा पायऱ्यांना ती थांबायची आणि विठ्ठल म्हणायची, माझ्याकडे बघायचीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडून खालची खोली घेतली. धडा: लिफ्ट 'आहे का' विचारू नका, 'चालू आहे का' विचारा. एका देवळाबाहेर एकाने बाबांच्या हातात फुलं कोंबून पाचशे मागितले, बाबांनी फुलं परत दिली आणि त्याला मराठीत पंधरा मिनिटं सुनावलं, तो ऐकत बसला बिचारा.

टिरेटाला सव्वासहाला पोचलो, नुकतंच उजाडलं होतं, थंडी चांगलीच. नवऱ्याने चार प्रकार खाल्ले, लेकीने एक बन घेतला, आत काय आहे ते विचारलंच नाही. पण खरी ती सिनेगॉगमधे गप्प झाली. बाहेर मसाल्यांची, प्लास्टिकच्या पिशव्यांची दुकानं दाराला चिकटलेली, हातगाड्या, शिव्या, आणि आत पाऊल टाकलं की काही नाही, फक्त आपल्या चपलांचा आवाज. तिथले काका फरशी पुसत होते, लेकीने विचारलं तुम्ही ज्यू आहात का, ते म्हणाले नाही बेटा, नमाजाला जातो, मग इथे दिवे लावतो. परत आल्यावर एका रविवारी तिने आम्हाला लाल देवळाला नेलं. पंधरा वर्षं आम्ही त्याच्यावरून कॅम्पात जातोय, मी त्याला चर्चच म्हणायचे.

बाबा आणि पूल. लाँच खालून जाताना एकदम आवाज बदलतो, वरच्या गाड्यांची घरघर पोलादातून खाली येते, सावली पडते आणि गार वाटतं. बाबा उभे राहिले, कानटोपी काढली, मान वर. पलीकडे गेल्यावर म्हणाले, "एकही बोल्ट नाही." आम्ही त्यांना हेच महिनाभर सांगत होतो. रिव्हेट, ही माहिती आता त्यांचीच झालीय, ते सोसायटीत सगळ्यांना सांगतात.

माझ्या शीटच्या प्रिंटआउटवर त्याच घाटावर तेलेभाज्या खाल्ल्या, म्हणजे वांग्याची भजी. शीटचा तेवढा उपयोग झाला.

आणि बखरवाले, तुमच्यासाठी. कुमारटुलीत आई एका कारागिरासमोर बसली होती, त्यानेच स्टूल दिलं. तो पेंढ्याच्या सरस्वतीच्या हाताला माती लावत होता, एकेक बोट वेगळं, ओल्या फडक्याने पुसत, करंगळीला थोडी जास्त माती लागली ती नखाने काढत. आई पाऊण तास बघत होती, गुडघ्याचं नावच नाही. त्याने हिंदीत विचारलं माँ कुठून आलात, आई म्हणाली महाराष्ट्र. त्याने मान वर केली आणि हसत म्हणाला, "बर्गी!" आईला काही कळलं नाही, तिला वाटलं बर्फी. ती म्हणाली, नको बाबा, शुगर आहे. तो इतका हसला की आतून दुसरा कारागीर बाहेर आला. मग मातीच्या कपात चहा आला, बिनसाखरेचा.

मराठा डिच लेनचा फोटो काढलाय, जरा हलला आहे.

बखरवाला
पोळीताई. बर्फी. आज दिवस सार्थकी लागला. हललेला असला तरी फोटो टाकाच.

हाजरारोड
लिफ्टचं वाचून वाईट वाटलं गं. आईंना नमस्कार सांग. मटार कचोरी खाल्ली का त्यांनी?

घडीची_पोळी
तीन दिवस रोज. "आलं जास्त आहे" म्हणाली. खादाड_पेठ, तुम्ही काय ज्योतिषी आहात का?

कोथरूडचा_कोपरा
चांगलं लिहिलंय. आम्ही जूनमधे जायचं म्हणतोय, त्या दिवसांत कसं असतं?

हाजरारोड
नका जाऊ.

पानशेत६१
तेव्हा घाम असतो साहेब.